आठवडाभर जगाचे रेडिओ ऐकताना

एस.एस.बी.च्या तयारीला लागलेले बारावीचे कॅडेट दर वर्षी मला एकच प्रश्न विचारतात : "सर, चालू घडामोडींसाठी काय वाचू?" वाचायची यादी मी देतोच. पण अलीकडे त्या यादीखाली मी आणखी एक ओळ लिहितो – रोज अर्धा तास काहीतरी ऐका, आणि आठवड्यातून एकाच देशाचे ऐकू नका. हे वाचून बरेच जण गोंधळतात. ऐकायचे म्हणजे काय? रेडिओ तर आजोबांच्या काळातला! म्हणून यंदाच्या मराठी विभागासाठी हाच विषय घेतला. मी स्वतः सोमवार ते रविवार, रोज एका देशाच्या सार्वजनिक रेडिओसाठी वेळ काढला. त्यातून काय हाती लागले, ते तुमच्यासाठी आणि तुमच्या पालकांसाठी लिहीत आहे.

हे का सुरू केले?

मे २०२५ मधले ते चार दिवस आपल्यापैकी कुणीच विसरणार नाही. ऑपरेशन सिंदूर सुरू झाले आणि त्याबरोबर फोनवर चित्रफितींचा पूर आला. जुन्या लढायांची दृश्ये, दुसऱ्याच देशांतले स्फोट, एवढेच काय पण संगणकावरच्या खेळांतले तुकडेसुद्धा 'आत्ताचे' म्हणून फिरत होते. पीआयबीच्या तथ्य-तपासणी विभागाने त्यातल्या कितीतरी गोष्टी खोट्या असल्याचे जाहीर केले. पण खुलासा पोहोचेपर्यंत अफवा दहा घरांत जाऊन आलेली असते.

त्या दिवसांत एका कॅडेटच्या आईचा मला रात्री फोन आला. त्यांचे यजमान तेव्हा सीमेवर होते. कुणीतरी पाठवलेला संदेश त्यांनी मला वाचून दाखवला आणि विचारले, "सर, हे खरं आहे का हो?" मी त्यांना म्हणालो, "ताई, हा संदेश कुणी लिहिला तेच यात नाही. त्याने ते कुठून पाहिलं, तेही नाही. सकाळी अधिकृत माहिती येईल, तोवर हा पुढे पाठवू नका." माझ्या बोलण्याने त्यांना झोप लागली असेल असे मला वाटत नाही. पण त्या रात्री एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. बातमी कशी ऐकायची हे आपण मुलांना शिकवतच नाही. आणि ज्या घरांतले माणूस सीमेवर उभे असते, त्या घरांना या शिक्षणाची गरज सर्वांत जास्त आहे.

सार्वजनिक रेडिओ म्हणजे काय?

खासगी वाहिनी जाहिरातींवर चालते. प्रचारयंत्रणा सरकारच्या हुकमावर चालते. सार्वजनिक रेडिओ या दोहोंपासून वेगळा असावा, अशी अपेक्षा असते : पैसा लोकांचा, पण बातमीवर हात कुणाचाच नाही. ही अपेक्षा प्रत्येक ठिकाणी पूर्ण होते असे नाही. म्हणून आठवडाभर मी समोर तीन प्रश्न लिहून ठेवले होते.

पहिला : या केंद्राचा खर्च कोण करतो?
दुसरा : सांगणारा माणूस घटनेच्या जागी होता का, की ऐकीव सांगतो आहे?
तिसरा : काय सांगितले नाही?

सोमवार : बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस

बीबीसीची परदेशासाठीची सेवा १९ डिसेंबर १९३२ रोजी 'एम्पायर सर्व्हिस' या नावाने सुरू झाली. साम्राज्यात विखुरलेल्या इंग्रज मंडळींसाठी ती होती, हे नावातच आहे. हिंदुस्तानी प्रसारण १९४० मध्ये आले, आणि महायुद्धाच्या काळात मराठीतूनही काही वर्षे प्रसारण झाले. आज बीबीसी मराठी आहे, पण ती २०१७ साली इंटरनेटवर सुरू झालेली. हिंदीचे लघुलहरींवरचे प्रसारण जानेवारी २०२० च्या शेवटी बंद झाले.

खर्चाचे उत्तर : २०१४ पर्यंत ब्रिटनचे परराष्ट्र खाते पैसे देत असे. त्यानंतर मुख्य भार तिथल्या घराघरांतून जमा होणाऱ्या परवाना शुल्कावर आला, आणि काही भाग अजूनही सरकारी अनुदानातून येतो.

तास भरताना सहा 'पिप' वाजतात. १९२४ पासूनची ही पद्धत. शेवटचा पिप लांब असतो आणि तो सुरू होतो त्या क्षणी तास भरतो. आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे तिथे तास भरतो तेव्हा आपल्याकडे 'साडे' वाजलेले असतात. भूगोलाच्या तासाला रेखावृत्ते पाठ करणाऱ्यांनी हे एकदा कानाने ऐकावे.

मी 'न्यूजअवर' हा कार्यक्रम ऐकला. यात बातमीपेक्षा बातमीचे व्याकरण ऐकण्यासारखे आहे. 'लष्कराचे म्हणणे आहे', 'स्थानिक डॉक्टरांनी सांगितले', 'याची आम्हाला स्वतंत्रपणे खातरजमा करता आलेली नाही' ही वाक्ये सतत येतात. कॅडेटना ती आधी कंटाळवाणी वाटतात. पण टेहळणीचा अहवाल लिहायला शिकलात की कळेल, तुमच्या अहवालाचीही हीच भाषा असते. काय पाहिले, काय ऐकले आणि काय अंदाजाने लिहिले, हे तीन रकाने वेगळे ठेवले नाहीत तर त्या अहवालावर पाऊल टाकणारा जवान संकटात जातो.

मंगळवार : डॉइच वेले, जर्मनी

जर्मनीच्या रेडिओचा इतिहास प्रत्येक कॅडेटने वाचावा. १९३३ मध्ये नाझी सरकारने 'फोल्क्सएम्फेंगर' म्हणजे 'लोकांचा रेडिओ' बाजारात आणला. स्वस्त संच, घरोघरी जावा म्हणून. जनतेची सोय हा त्यामागचा खरा हेतू नव्हता. नेत्याचा आवाज प्रत्येक स्वयंपाकघरात पोहोचावा, हा होता. १ सप्टेंबर १९३९ ला, पोलंडवर हल्ला झाला त्याच दिवशी, परदेशी केंद्रे ऐकणे गुन्हा ठरले. ऐकल्याबद्दल कैद, आणि ऐकलेले पसरवल्याबद्दल देहदंडापर्यंत शिक्षा होऊ शकत असे. म्हणजे घरात रेडिओ होता, आणि तरीही माणूस बहिरा होता.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीने प्रसारण एका हाती राहणार नाही अशी रचना केली. परदेशासाठीचे 'डॉइच वेले' ३ मे १९५३ रोजी सुरू झाले. त्याला पैसे मिळतात ते केंद्र सरकारच्या कररूपी निधीतून, पण कार्यक्रमांवर सरकारचा ताबा राहू नये असे कायद्याने बांधलेले आहे. पैसा सरकारचा म्हणजे शब्दही सरकारचाच, असे दरवेळी नसते. मधले कुंपण किती भक्कम आहे, ते बघावे लागते.

'इनसाइड युरोप' हा त्यांचा इंग्रजी साप्ताहिक कार्यक्रम. मोठ्या राजधान्यांबरोबर लहान गावांतल्या गोष्टीही त्यात असतात. युरोप म्हणजे एकच एक देश असल्यासारखे आपण बोलतो, ती सवय मोडायला तो उपयोगी आहे.

बुधवार : एनएचके, जपान

जपानची परदेशी सेवा १९३५ मध्ये सुरू झाली, आणि हिंदी विभाग १९४० पासून आहे. घरोघरची वर्गणी हा एनएचकेचा मुख्य आधार, तर परदेशी प्रसारणासाठी काही सरकारी मदत मिळते.

इथे मला भावला तो संकटकाळचा आवाज. मार्च २०११ च्या त्सुनामीपर्यंत निवेदक शांतपणे सूचना देत, लोकांत घबराट पसरू नये म्हणून. पण त्या दिवशी हजारो माणसे गेली, आणि शांत स्वरातला इशारा धोक्याची तीव्रता पोहोचवत नाही असा विचार पुढे आला. एनएचकेने इशारा देण्याची पद्धतच बदलली. १ जानेवारी २०२४ ला नोटो द्वीपकल्पात भूकंप झाला, तेव्हा निवेदिका जवळजवळ ओरडून सांगत होती – पळा, आत्ता पळा, मागे फिरू नका. स्टुडिओत बसून इतक्या चढ्या आवाजात बोलायला सराव लागतो. ड्रिलच्या मैदानावर आज्ञेचा स्वर का घोटून घेतात, हे ज्यांना अजून उमजले नसेल, त्यांनी ते ध्वनिमुद्रण शोधून ऐकावे.

आणखी एक फायदा : एनएचकेचे जपानी भाषेचे सोपे पाठ हिंदीतूनही आहेत. आपल्या कॅडेटना हिंदी येतेच, तेव्हा सबब उरत नाही.

गुरुवार : रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनल

फ्रेंच शिकणाऱ्यांसाठी इथे 'सोप्या फ्रेंचमधील बातम्या' असा रोजचा सुमारे दहा मिनिटांचा कार्यक्रम आहे. बातमीतला अवघड शब्द आला की तिथेच त्याचा अर्थ सांगतात. 'कुलर ट्रॉपिकाल' नावाचा संगीताचा कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे. त्यात आफ्रिका आणि कॅरिबियनचे संगीत एकत्र ऐकायला मिळते.

पण या केंद्राबद्दल दोन गोष्टी एकदम ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली : मालीने मार्च २०२२ मध्ये, बुर्किना फासोने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणि नायजरने ऑगस्ट २०२३ मध्ये हे केंद्र आपापल्या देशात बंद केले. तिन्ही ठिकाणी लष्करी राजवट होती, आणि टीका त्यांना नको होती. मात्र तिथल्या काही सामान्य लोकांनाही फ्रान्सचा आवाज परका वाटत होता, कारण फ्रान्स एकेकाळी त्यांचा मालक होता. ज्याच्या पूर्वजांनी राज्य केले, त्याच्या तोंडून स्वतःच्या देशाची बातमी ऐकणे कुणालाही जड जाते. आपल्याला हे समजायला अवघड नाही.

दुसरी : २ नोव्हेंबर २०१३ रोजी उत्तर मालीतल्या किदाल इथे या केंद्राच्या गिस्लेन द्युपाँ आणि क्लोद व्हेर्लाँ या दोघांचे अपहरण करून त्यांना ठार मारण्यात आले. एक वार्ताहर, दुसरा ध्वनितंत्रज्ञ. पत्रकारांवरील गुन्ह्यांना शिक्षा व्हावी यासाठी संयुक्त राष्ट्रसंघ जो दिवस पाळतो, तो याच तारखेला. तीनपैकी दुसरा प्रश्न आठवा – सांगणारा घटनेच्या जागी होता का? होता. आणि परत आला नाही.

शुक्रवार : व्हॉइस ऑफ अमेरिका

हे केंद्र फेब्रुवारी १९४२ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत सुरू झाले, आणि पहिले प्रसारण होते शत्रूच्या म्हणजे जर्मन भाषेत. १९५५ पासून विलिस कोनोव्हर हे निवेदक या केंद्रावर जॅझ संगीत वाजवत. १९९६ मध्ये ते वारले, तोवर हे चालू होते. शीतयुद्धात पोलंड, हंगेरी, रशियातली मुले ते चोरून ऐकत आणि त्यावरून वाजवायला शिकत. गंमत अशी की त्यांच्या स्वतःच्या देशात त्यांना फारसे कुणी ओळखत नव्हते, कारण हे प्रसारण देशांतर्गत श्रोत्यांसाठी नव्हते. राजकीय भाषणाने जे झाले नसते, ते सावकाश, स्पष्ट इंग्रजीत गाण्याची ओळख करून देणाऱ्या एका माणसाने केले.

१९५९ पासून याच केंद्राने मोजक्या, सुमारे १५०० शब्दांत आणि संथ गतीने इंग्रजी बातम्या देण्याची पद्धत आणली. इंग्रजीला बिचकणाऱ्या कॅडेटना अशी जुनी ध्वनिमुद्रणे आजही उपयोगी पडतील.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या एका आदेशानंतर या केंद्राचे एक हजाराहून अधिक कर्मचारी सक्तीच्या रजेवर गेले आणि प्रसारण थांबले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले, काही भाषांतले थोडे कार्यक्रम पुन्हा सुरू झाले. महायुद्धातही न थांबलेला आवाज एका सहीने थांबला. खर्च कोण करतो, हा प्रश्न मी पहिला का ठेवला, ते आता लक्षात येईल.

शनिवार : साक्षीदारांचे बोल

शनिवार मी पुन्हा बीबीसीला दिला, पण बातम्यांना नाही. 'फ्रॉम अवर ओन करस्पॉन्डंट' हा कार्यक्रम १९५५ पासून चालू आहे. वार्ताहर रोजच्या बातमीत न मावलेले काही सांगतो : बाजार, वाट, एखादे जेवण, एखाद्या म्हाताऱ्याचे बोलणे. 'विटनेस हिस्टरी' त्याहून छोटा, सुमारे नऊ-दहा मिनिटांचा. इतिहासातल्या एका घटनेबद्दल तिथे हजर असलेले माणूस स्वतः बोलते.

लेक्चरेटची तयारी करणाऱ्यांनी हे कार्यक्रम रचनेसाठी ऐकावेत. पहिल्या मिनिटात स्थळ आणि काळ, मग माणूस, मग घटना, आणि शेवटी तिचा परिणाम. तीन मिनिटांत विषय मांडायचा असतो तेव्हा हीच चौकट कामी येते.

रविवार : आपली आकाशवाणी

परक्यांना जे प्रश्न विचारले, ते घरच्यांनाही विचारायला हवेत. आकाशवाणीचे परदेशासाठीचे प्रसारण १ ऑक्टोबर १९३९ रोजी पश्तू भाषेत सुरू झाले. जर्मन प्रचाराला उत्तर देणे हा तेव्हाच्या ब्रिटिश सरकारचा हेतू होता. आज आकाशवाणी १९९० च्या कायद्याने ठरलेल्या आणि १९९७ मध्ये अस्तित्वात आलेल्या प्रसार भारतीचा भाग आहे. पैसा बराचसा सरकारकडून येतो. तेव्हा डॉइच वेलेसाठी विचारलेला कुंपणाचा प्रश्न इथेही तितकाच लागू आहे.

पण शब्दाला वजन कसे येते, याचे आपल्या लष्करी इतिहासातले ठळक उदाहरण याच रेडिओवरचे आहे. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल माणेकशॉ यांनी पूर्व पाकिस्तानातल्या पाकिस्तानी फौजेला रेडिओवरून आणि विमानातून टाकलेल्या पत्रकांतून शरण येण्याचे आवाहन केले. तुम्ही वेढले गेला आहात, शस्त्रे ठेवलीत तर जिनिव्हा करारांप्रमाणे वागवले जाईल, असा त्याचा आशय होता. पहिली गोष्ट ऐकणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होती. म्हणून दुसऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवणे शक्य झाले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, सुमारे ९३,००० युद्धकैदी आपल्या ताब्यात आले, आणि दिलेला शब्द पाळला गेला. रेडिओवरचे आवाहन खोट्यावर उभे असते तर शत्रूने ते थट्टेवारी नेले असते.

पण अजून रेडिओच का?

इंटरनेट असताना हे कशाला, असे सिग्नल्सची आवड असलेला कॅडेट विचारील. लघुलहरी म्हणजे साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरी. त्या वर आयनांबरात जाऊन वाकतात, पुन्हा जमिनीकडे येतात आणि अशा टप्प्याटप्प्याने हजारो किलोमीटर जातात. रात्री आयनांबराचा खालचा, लहरी शोषून घेणारा थर विरून जातो, म्हणून कमी वारंवारतेची दूरची केंद्रे अंधार पडल्यावर जास्त स्पष्ट लागतात. मध्ये मनोरा लागत नाही, केबल लागत नाही. लहरींत मुद्दाम गोंगाट मिसळून त्या अडवता येतात, पण एका कळीने इंटरनेट बंद करण्याइतके ते सोपे नसते.

म्हणूनच मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धात बीबीसीने तिथे लघुलहरींवर रोज चार तास इंग्रजी बातम्या पुन्हा सुरू केल्या, आणि २०२३ मध्ये सुदान व गाझासाठी अरबीतून तातडीचे रेडिओ प्रसारण उभे केले. विशेष म्हणजे बीबीसीचे नेहमीचे अरबी रेडिओ प्रसारण, पंच्याऐंशी वर्षांचे, त्याच २०२३ च्या जानेवारीत खर्च परवडत नाही म्हणून बंद केले होते. वर्षही पूर्ण झाले नाही तोच गरज दारात उभी राहिली.

तुम्ही काय करावे?

तुमच्याजवळ फोन नसतो, हे मला ठाऊक आहे. ग्रंथालयातल्या संगणकावर ही बहुतेक केंद्रे ऐकता येतात, आणि भूगोलाच्या खोलीत लघुलहरी पकडणारा एक ट्रान्झिस्टर ठेवला आहे. प्रेपनंतर ज्याला ऐकायचे असेल त्याने माझ्याकडून किल्ली घ्यावी. एक वही करा आणि तिला पाच रकाने पाडा : तारीख-वेळ, केंद्र, बातमी, कुणाच्या हवाल्याने, काय राहिले. एकच घटना दोन देशांच्या केंद्रांवर ऐकलीत की शेवटचा रकाना आपोआप भरू लागतो. सुरुवातीला आठवड्यातून दोन नोंदी पुरेत.

पालकांना एक विनंती. रविवारी मुलाचा फोन आला की जेवण आणि मार्क यांच्या जोडीला एक प्रश्न विचारा : "या आठवड्यात काय ऐकलंस, आणि ते सांगत कोण होतं?" मुलाने फक्त बातमी सांगितली तर पुन्हा विचारा. तुमच्या स्वतःच्या फोनवर एखादा संदेश आला आणि त्यात या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर तो तुमच्यापाशीच थांबू द्या. सीमेवरच्या आपल्या माणसासाठी घरबसल्या एवढे आपण नक्की करू शकतो.